गाडीचं नाक दाबणाऱ्या उस्तादांना

शेगाव, जि. बुलडाणा

परमपूज्य उस्ताद,



आपलं नाव मला ठाऊक नाही, पत्ता तर त्याहून नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत टाकतो आहे. ज्याचं त्याला कळेल. आपल्या हातचं काम मात्र मी आता कुठंही ओळखीन. सुपारीएवढा राखाडी गोळा, त्यावर काळा रंग, रंगावर चाळीस वर्षांची माती, आणि माती खरवडल्यावर मधोमध एका अंगठ्याचा ठसा. माझ्या अ‍ॅम्बॅसडरच्या मागच्या एक्सलवर हा एमसीलचा गोळा असा बसला होता की काढताना छन्नीची धार गेली. इतकं पक्कं काम हल्ली पुलांचंही होत नाही.

आठवण करून देतो. आपण आयुष्यात पुष्कळ भोकं बुजवली असतील, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार? गाडी 1968 सालची, मार्क टू. उत्तरपाऱ्याला हिंदुस्थान मोटर्समध्ये जन्मलेली, विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डची देशी बहीण, 1489 सीसीचं इंजिन. रंग तेव्हा ताकासारखा पांढरा होता, आता सायीसारखा झालाय. आमचे बाबा जिनिंगमध्ये मुनीम. त्यांनी ती खामगावच्या एका कापसाच्या अडत्याकडून जुनी घेतली. अडत्या म्हणाला होता, ‘मुनीमजी, गाडी नाही, तिजोरी आहे.’ खोटं नव्हतं ते. पैसे आत जात राहिले, किल्ली तेवढी कधी सापडली नाही.

आता गळतीकडे येतो. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, टायरवर, काळपट ओल पंख्यासारखी पसरलेली असायची. सकाळी गाडी काढली की फरशीवर रुपयाएवढा डाग. वास घेतला तर तो नव्वद नंबरच्या तेलाचा, जळक्या लसणासारखा, हाताला लागला की दोन दिवस जेवणात उतरतो. इथवर मी सोसलं. डागाखाली रद्दी पेपर टाकायचा, झालं. पण एका गुरुवारी मंदिराच्या रस्त्याला गर्दी होती, मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबायचं सोडून उजवीकडे, थेट कचोरीच्या गाड्याकडे निघाली. गाडा हातभर राहिला. गाडेवाला शांतपणे म्हणाला, “मास्तर, गाडीले बी गरमच लागते काय?”

लोक हसले, मीही हसलो. घरी येऊन ड्रम उघडला तेव्हा हसू मावळलं. आत ब्रेकचे लायनर तेलात असे भिजले होते, जसा पाकात गुलाबजाम. डावं चाक धरतच नव्हतं. उजवं एकटं धरायचं, म्हणून गाडी उजवीकडे ओढायची.

आपण उस्ताद आहात, आपल्याला एक्सल शिकवणं म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवणं. तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगतो. मागच्या एक्सलची जाड पोकळ नळी असते, मधल्या गोल पोटात डिफरन्शिअल घट्ट तेलात डुंबत असतो. गाडी चालली की क्राऊनचं चाक ते तेल उडवतं, आणि थोडं तेल नळीतून दोन्ही टोकांना, चाकांकडे जातं. जायलाच हवं, कारण अ‍ॅम्बॅसडरच्या हबमधल्या बेअरिंगला तेच तेल लागतं. पण हबला खेटून ब्रेक आहे, आणि ब्रेकला तेलाचा थेंबही चालत नाही. एकाच घरात दोन जावा: एकीला तेलाशिवाय घास गिळत नाही, दुसरीला तेलाच्या वासानंही शिसारी येते. मधे भिंत कसली, तर बोटभर रुंदीचं सील. पत्र्याचं कडं, कड्यात रबराचा पातळ ओठ, आणि ओठ आवळून धरायला केसासारखी बारीक स्प्रिंग. बाहेरच्या बाजूला, शाफ्टच्या थाळीखाली, एक कागदी पॅकिंग. या दोघांच्या भरवशावर अ‍ॅम्बॅसडरनं अडीच-तीन पिढ्या या देशातले कलेक्टर, मंत्री आणि नवरदेव वाहून नेले.

या सीलची जात मोठी जुनी आहे. सुरुवातीची सीलं चामड्याची असत. जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या कारखान्याचा मूळ धंदाच कातडी कमावण्याचा, आणि त्यांनीच चामड्याच्या ओठाचं सील बाजारात आणलं. रबर मागाहून आलं. चामड्याचं सील बसवण्याआधी तेलात भिजत घालावं लागे, कोरडं बसवलं तर पहिल्याच फेरीत ओठ करपायचा. हे वाचलं तेव्हा मला आजोबांची मोट आठवली. हंगामापूर्वी ते मोटेला तेल पाजत. ‘चामड्यानं आधी प्यावं, मग पाणी धरावं’ म्हणत. अकोलीच्या कोरड्या विहिरीला गजानन महाराजांनी पाणी आणलं, हे इथलं लहान पोर सांगेल. आमच्या कोरड्या ड्रममध्ये तेल आणण्याची लीला मात्र आपली, उस्ताद.

पहिलं सील मी इथंच बदललं. इथल्या मिस्त्रीनं नवं सील हबमध्ये ठेवलं, वर हातोडी घेतली आणि वाड्याच्या दाराला खिळा ठोकावा तसं ते आत घातलं. एका बाजूनं आधी, दुसऱ्या बाजूनं नंतर. पंधरा दिवसांत फरशीवर रुपया परत. दुसऱ्यांदा अकोल्याला गेलो. तिथं बेअरिंगही बदललं, पॅकिंगही, बिलही बदललं. महिनाभर कोरडं राहिलं, मी पेढे वाटायच्या बेतात होतो. तिसऱ्या गॅरेजात सीलची स्प्रिंग तेलाकडे ठेवायची सोडून उलटी, ब्रेककडे ठेवली गेली. ते सील गाडी उभी असतानाच गळलं. आणि चौथ्यांदा डाव्या बाजूच्या जोडीला उजवीही गळायला लागली. एव्हाना माझी खात्री झाली होती की बाजारात सीलंच बोगस येतात. दुकानदाराशी भांडलो. त्यानं मला सगळ्यात महाग सील दिलं. तेही गळलं.

लायनर साफ करण्याचा प्रकार मी एकदा जवळून पाहिला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भिजलेले दोन्ही शू फरशीवर पालथे ठेवले. पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल ओतलं. काडी ओढली. आधी निळी, मग पिवळी, मग काळा धूर सोडणारी ज्योत. तेल लायनरच्या पोटातून बुडबुड्यांनी वर येत होतं आणि जळत होतं, जसं तव्यावर पापडाला फोड यावेत. विझल्यावर पोऱ्यानं पॉलिश पेपरनं ते घासलं, आणि उडालेली पूड तोंडानं फुंकून टाकली. जुन्या लायनरांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ‘फुंकू नको रे’ असं मी म्हणालो, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहात साखर नको म्हणालो. शू दिसायला नवेकोरे झाले. ड्रम दोनदा तापला आणि आत मुरलेलं तेल पुन्हा वर आलं. तेल प्यालेला लायनर टाकायचा असतो, आणि एका चाकाचा बदलला की दुसऱ्या चाकाचाही बदलायचा असतो. हे मला पाच हजार रुपये घालवून कळलं.

यात एक गंमत राहिली. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, धंद्याला न लावलेली, मूळ रूप राखलेली गाडी ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायची तर 5,000, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही. मी अर्ज अजून केलेला नाही, पण नियम पाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही. गेली दोन वर्षं माझी गाडी फक्त दुरुस्तीलाच रस्त्यावर आली आहे. श्रींची पालखी पायी पंढरपूरला जाऊन परत शेगावात आली, तेव्हाही माझी गाडी खामगावच्या गॅरेजात ठोकळ्यांवर होती. सतरा किलोमीटर.

त्या खामगावच्या गॅरेजातल्या चाचांचं आता सांगतो, कारण आपला शोध त्यांनी लावला.

मे महिन्याची दुपार होती. इथला मे आपल्याला सांगायला नको, पारा 44 च्या पुढे गेला की कावळेसुद्धा बोलत नाहीत. मी गाडी घेऊन पोचलो आणि नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं: सील बोगस, कंपन्या बोगस, जमाना बोगस. चाचा सत्तरीचे, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग गाडीखाली आडवे झाले. जॅक नाही, पाना नाही. नुसता पालथा हात एक्सलच्या पोटावर ठेवला, जसा तापकऱ्या पोराच्या कपाळावर ठेवतात. मग म्हणाले, “मास्तर, सीलले काहून शिव्या देऊन राह्यले? त्यानं काय केलं?”

मग त्यांनी पाना मागितला आणि तेल भरायचा बोल्ट सैल केला. दोन आटे फिरले असतील नसतील, आणि आवाज आला. फुस्स. सोड्याची बाटली उघडावी तसा. मागोमाग तेलाची एक पिचकारी, चाचांच्या बाहीवर.

“ऐकलं?” चाचा खालूनच म्हणाले. “गाडीचं नाक बंद हाय ना बाप्पा.”

मला काही उमजेना. चाचा हात एक्सलच्या वरच्या अंगाला, जिथं डोळा पोचत नाही तिथं, फिरवत राहिले. दिव्याच्या उजेडात मी वाकून पाहिलं, तर ग्रीस आणि काळी माती यांचा बोटभर थर, त्याखाली रंग. त्यांनी पेचकसानं खरवडलं आणि एक टेंगूळ वर आलं. “इथं ब्रीदर असते मास्तर. वारा जायले, वारा यायले. कोन्या शहाण्यानं हे लेपून टाकलं?”

तो शहाणा म्हणजे आपण. बरं वाटलं असेल वाचून.

उस्ताद, मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बंद भांड्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हा धडा दर वर्षी फळ्यावर काढला. प्रेशर कुकरचं उदाहरण दिलं, शिट्टीवर मुलं दर वर्षी हसली, मीही दर वर्षी हसलो. आणि शाळा सुटल्यावर ज्या गाडीत बसून घरी गेलो, तिच्या बुडाखाली शिट्टी नसलेला कुकर होता. हिशेब साधा आहे. सकाळी 30 अंशांवर असलेली एक्सलमधली हवा पळून पळून 90 अंशांवर गेली, की बंद जागेत तिचा दाब साधारण 20 टक्क्यांनी वाढतो. तेलही फुगतं आणि हवेची जागा आणखी कमी करतं. हवा वाट शोधते. वरचं छिद्र आपण बंद केलेलं, मग ती चाकांकडे जाते, आणि जाताना तेल बरोबर घेऊन सीलच्या ओठाखालून बाहेर पडते. हे सील तेल अडवायला असतं, दाब अडवायला नसतं. रात्री गाडी थंडावली की उलटी गंमत: आत हवा आक्रसते, आणि तोच ओठ बाहेरची धूळ आत ओढून घेतो. ती धूळ ओठाला आणि ओठ ज्या गोलाईवर टेकतो तिला घासत राहते. म्हणजे दिवसा उलटी आणि रात्री श्वास, दोन्ही एकाच ओठातून.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण मी मराठीच्या तासाला ऐकली होती. तिचं प्रात्यक्षिक विज्ञानाच्या मास्तरला आपण दाखवलंत. आणि मी काय करत होतो? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पाच वेळा. पखाल बिचारी टोचून घेत राहिली.

त्या संध्याकाळी घरी येऊन बाबांच्या वह्या काढल्या. मुनीम माणूस, गाडीत हवा भरली तरी आठ आणे लिहायचे. जून 1986 च्या पानावर त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात तीन ओळी सापडल्या. मागे तेल कमी होते, भरून घेतले. प्रवासात वरच्या भोकातून तेल उडाले. मिस्त्रीने भोक बंद केले, रु. 15.

म्हणजे झालं काय ते मला दिसलं. आपण तेल भरलंत. भरायचं कुठवर, तर गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या छिद्राच्या कडेला तेल लागेपर्यंत. त्यावर एक पळीही नाही, जास्तीचं असेल ते गळून जाऊ द्यायचं, मग बोल्ट लावायचा. आपण बहुधा गाडी एका बाजूनं उचललेली असतानाच भरलंत, किंवा गिऱ्हाइकाला खूश करायला ‘फुल्ल’ केलंत. जास्तीचं तेल ब्रीदरमधून बाहेर आलं. ती गाडीची तक्रार होती. आपण तक्रार ऐकली आणि तक्रारदाराचं तोंड बंद केलंत. सरकारी कचेरीत आपण फार वर चढला असतात.

त्यानंतरची पानं मी पेन्सिल घेऊन वाचली. सप्टेंबर 1986, डावे सील. पुढच्या वर्षी पुन्हा डावे. मग दोन्ही. मग लायनर. मग लायनर धुतले. मग सील. मग बेअरिंग. 2004 साली बाबांची वही थांबते तोवर सीलं सतरा वेळा, लायनर नऊ वेळा. तेलाचे डबे मोजायचे मी सोडून दिले. शेवटच्या वहीत एका नोंदीपुढे त्यांनी शेरा मारलाय: अ‍ॅम्बॅसडर आहे, गळणारच. जमाखर्चात शेरा मारण्याची त्यांची सवय नव्हती.

पंधरा रुपयांत आपण केवढी साखळी उभी केलीत ते पाहा. सील विकणारा, बेअरिंग विकणारा, लायनर चढवणारा, तेलवाला, शेगावचा मिस्त्री, अकोल्याचा मिस्त्री, माझ्या अंगणातली फरशी घासणारी बाई. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं केला, अंमलबजावणीला किती खाती राबली. आपण एकट्यानं, एका अंगठ्यानं, कागद न काळा करता तीच योजना चालवलीत. फक्त मस्टरवर नाव आमच्या बाबांचं होतं.

चाचांनी पुढं जे केलं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. आधी गोळा काढला आणि ब्रीदर उघडा केला. आत गंजलेली टोपी होती, ती घासलेटात बुडवून बोटानं फिरते की नाही हे पाहिलं. फिरली. मग चाक, ड्रम. शाफ्टच्या थाळीचा स्क्रू काढून शाफ्ट हातानं बाहेर ओढला. हबच्या नटाखालच्या वायसरचा वळवलेला कान सरळ केला, नट काढला, पुलर लावला. हब एका ‘टक्’ आवाजासरशी सुटलं. ज्या गोलाईवर सीलचा ओठ टेकतो तिथं नखाला लागेल अशी खाच पडली होती. चाळीस वर्षांची धूळ. खाचेवर स्टीलची पातळ बांगडी चढवता येते, पण चाचांनी नवं सील हबमध्ये दोन मिलिमीटर अलीकडे बसवलं, म्हणजे ओठ खाचेत न पडता कोऱ्या जागेवर टेकेल. बसवायला हातोडी नाही. लोखंडी नळीचा एक तुकडा, बरोबर सीलच्या बाहेरच्या कडेएवढा, आणि लाकडी ठोकळा. ओठात आधी ग्रीस भरलं. स्प्रिंग तेलाच्या बाजूला. मला दोनदा दाखवली, कारण माझ्या चेहऱ्यावर तिसरं गॅरेज अजून दिसत असावं.

मग कागद. जुन्या मॉरिसच्या पुस्तकात लिहिलं आहे की कागदी पॅकिंग धरून बेअरिंगची कड हबच्या तोंडापेक्षा इंचाच्या एक ते चार हजारांश भाग पुढे असावी, म्हणजे थाळी आवळली की बेअरिंग पक्कं धरलं जातं. चाचांनी पुस्तक वाचलेलं नाही. त्यांनी पट्टी आडवी धरून, डोळा बारीक करून उजेड पाहिला आणि म्हणाले, “हाव. इतकंच पायजे.” दोन्ही चाकांना नवे लायनर. गाडी ठोकळ्यांवरून खाली, सपाट. तेल कडेपर्यंत. वर एक थेंब आला, तो त्यांनी पुसला नाही, पडू दिला.

ही झाली आपली हकीकत. इथं मी पत्र संपवणार होतो. वर ‘परमपूज्य’ लिहिलंय तसं खाली काही जहाल लिहायचा बेत होता. वऱ्हाडात त्यासाठी शब्दांची टंचाई नाही.

पण निघताना चाचांनी तो गोळा माझ्या हातावर ठेवला. “ठेवा आठवण,” म्हणाले. मग स्वतःच परत घेतला, चष्मा वर केला आणि ठसा उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. म्हणाले, “मास्तर, हे उस्तादाचं बोट नाई. हे पोट्ट्याचं हाय.”

मी माझा अंगठा त्यावर ठेवला. ठसा पूर्ण झाकला गेला, अंगठा चहूबाजूंनी उरला. खरंच, नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा अंगठा. एक्सल आणि गाडीचं बूड यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या सापटीत मोठ्या माणसाचा हात नीट जातच नाही. म्हणून त्याला घातलं असणार. चाचा म्हणाले, ते स्वतः आठव्या वर्षी कामाला लागले, आणि पहिली दोन वर्षं त्यांचं काम एवढंच होतं: जिथं कोणाचा हात जात नाही तिथं हात घालायचा.

1986. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत बालकामगारांचा कायदा झाला. आपण सहा महिने आधीच उरकून घेतलंत, उस्ताद. कामात आपला हात कोण धरणार? आपण बाहेर उभं राहून ‘दाब, जोरात दाब’ म्हणाला असाल. पंधरा रुपये आपण घेतलेत. त्याला काय दिलंत, ते बाबांच्या वहीत नाही.

तेव्हा आपल्याला उद्देशून लिहिलेलं पत्र इथं आवरतो. यापुढचं त्याला.

बाळा, तू आता पन्नाशीत असशील. कदाचित तुझं स्वतःचं गॅरेज असेल, कदाचित तू गाड्यांचं तोंडही पाहत नसशील. माझी तुझ्यावर तक्रार नाही. ज्यानं तुला एमसील मळायला शिकवलं त्यानं भोक कशासाठी असतं ते सांगितलं नाही, आणि तू विचारलंही नसशील; त्या वयात विचारलं की टपली बसते. पण काम तू चोख केलंस हे मान्य करायला हवं. दोन्ही पुड्या सारख्या घेतल्या होत्यास, मळताना पाणी लावलं होतंस, कडा बोटानं निपटून काढल्या होत्यास. माझ्या वर्गात असतास तर प्रात्यक्षिकाच्या वहीला पैकीच्या पैकी दिले असते.

कधी शेगावला आलास तर गाडी दाखवतो. मंदिराकडे जाऊ, येताना कचोरी घेऊ. आता ती सरळ थांबते, गाडेवाल्याला विचार.

कळावे,

आपला आणि तुझाही,
एक अ‍ॅम्बॅसडरवाला मास्तर

ता. क. गोळा डॅशबोर्डवर ठेवलाय, गजाननाच्या तसबिरीशेजारी. ब्रीदर उघडा आहे, टोपी बोटानं फिरते. ती पाहायला वाकशील तेव्हा अंगठा खिशात ठेव.